ग्रंथराजांचं पुढे गेलेलं पान

पाणीपुरवठा कार्यालयाच्या नळजोडणी विभागात त्यांना सगळे ‘ग्रंथराज’ म्हणत. हे नाव कुणीतरी चेष्टेने पाडलं होतं, पण त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि डब्याला खेटून डब्याहून जाड असा तत्त्वज्ञानाचा एक ग्रंथ. बसमध्ये बसायला जागा मिळाली की ते हा ग्रंथ मांडीवर उघडत. चौथ्या-पाचव्या ओळीला त्यांची मान हळूच खिडकीकडे कलंडे. शेजारच्याला वाटे, गृहस्थ चिंतनात गेले. खूण म्हणून घातलेलं तिकीट कित्येक महिने त्याच पानावर मुक्कामाला होतं. तिकिटाचे दर वाढले, बसचा रंग बदलला, पान काही बदललं नाही.

खरी गोष्ट अशी की ग्रंथराजांचा जीव अडकला होता रहस्यकथांत. बंद खोलीत प्रेत, दाराला आतून कडी, आणि खिडकीखाली ओल्या बुटांचे ठसे, एवढं मिळालं की या माणसाला जेवणखाण सुचत नसे. पण ज्या माणसाला अख्खं कार्यालय विद्वान समजतं त्याने चारचौघांत रक्ताळलेल्या सुऱ्याचं मुखपृष्ठ उघडायचं कसं? तरुणपणी एकदा कव्हर घालून वाचायचा प्रयत्न त्यांनी केला होता. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी “कुठलं स्तोत्र वाचताय?” असं विचारलं आणि त्यांना पुढचा सगळा प्रवास स्तोत्र वाचल्यासारखे ओठ हलवत करावा लागला. तेव्हापासून तो नाद त्यांनी सोडला होता.

म्हणून परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने जेव्हा ई-रीडर पाठवला, तेव्हा तिने फोनवर सांगितलेल्या कुठल्याच गुणाने त्यांना भुरळ पडली नाही. “बाबा, यात हजारो पुस्तकं मावतात. चार्जिंग कितीतरी दिवस टिकतं. अक्षरं लहान-मोठी करता येतात.” ते नुसतं “हो का, हो का” म्हणत राहिले. मग त्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याला मुखपृष्ठच नव्हतं! समोरच्याला दिसणार ती फक्त करडी, गंभीर, कोरी पाठ. आत खून पडोत नाहीतर दरोडे.

त्याच संध्याकाळी ‘बंद केबिनमधला कप्तान’ नावाची भलीमोठी कादंबरी त्यांनी यंत्रात उतरवून घेतली. भर समुद्रात जहाज, वादळाची रात्र, कप्तान आपल्या केबिनमधून नाहीसा आणि केबिनला आतून कुलूप. ग्रंथराजांच्या अंगावर जो काटा आला तो अगदी शाळकरी वयातला, जुना, ओळखीचा काटा होता.

पंधरवड्यात माणूस पार बदलला. बसमध्ये मान कलंडेना. बँकेच्या रांगेत नंबर आला की ते मागच्याला म्हणत, “तुम्ही व्हा पुढे, माझं प्रकरण संपायचंय.” बँकेतल्या लोकांना वाटलं, यांची काहीतरी कोर्टाची भानगड चालू आहे. सलूनमध्ये कारागिराने “साहेब, मान वर” म्हटलं की यंत्रही मानेबरोबर वर जाई, आणि त्या नादात त्यांचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड झाला. एकदा बायकोने दुधाकडे लक्ष द्यायला उभं केलं. दूध त्यांच्या डोळ्यांदेखत वर आलं, उतू गेलं, गॅस विझवून ओट्यावरून खाली त्यांच्या पायाशी पोचलं.

“अहो! दूध!” बायको किंचाळली.

“थांब गं,” ग्रंथराज पान उलटत म्हणाले, “इथे कप्तान सापडत नाहीये.”

बायको शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे यंत्रातली एकच गोष्ट तिला मान्य होती. पानाच्या तळाशी किती टक्के वाचून झालं ते येई. ग्रंथराजांना तर या टक्क्यांचं वेडच लागलं. जेवताना ते मध्येच थांबून सांगत, “बावीस टक्के झालं.” सकाळी दात घासता घासता सांगत, “तेवीस.” आयुष्यात कुठल्याच गोष्टीत आपली प्रगती इतकी स्पष्ट दिसत असल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, अंगाने बारीक, स्वभावाने अबोल. बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून त्या बसलेल्या असत. जावई आणि सासूबाई यांचं रोजचं संभाषण ठरलेलं होतं.

“चहा झाला का, आई?”

“झाला, जावईबापू. तुमचा?”

“झाला.”

“बरं.”

त्या राहायला आल्यापासून हे असंच चाललं होतं. यात एक शब्द वाढवावा असं दोघांनाही वाटलं नव्हतं. आदर म्हटला की एवढं अंतर आलंच.

पुढच्या सगळ्या रामायणाला सुरुवात झाली ती कार्यालयात. नव्या नळासाठी अर्ज केलेले एक गृहस्थ खिडकीशी येऊन अदबीने म्हणाले, “साहेब, आमच्या त्याचं काय झालं?”

यंत्रातून डोकं न काढता ग्रंथराज म्हणाले, “त्याला समुद्रात ढकलला.”

गृहस्थ बाकावर बसले ते पाणी मागूनच. (पाणीपुरवठा कार्यालयात प्यायला पाणी मिळायला जो वेळ लागतो तो लागलाच.) विभागप्रमुख बाईंनी ग्रंथराजांना आत बोलावलं.

“तत्त्वज्ञानात माणसांना समुद्रात ढकलतात का हो?” त्यांनी विचारलं.

“काही पंथांत,” ग्रंथराज म्हणाले.

“तो पंथ उद्यापासून घरी ठेवून यायचा.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून यंत्र बैठकीच्या खोलीतल्या फळीवर राहू लागलं आणि ग्रंथराज दिवसभर घड्याळाकडे बघत नळ जोडू लागले. पहिल्या संध्याकाळी बूटसुद्धा न काढता त्यांनी यंत्र उघडलं आणि ते जागच्या जागी थिजले. सकाळी ते अशा जागी थांबले होते की पहिला अधिकारी केबिनचं दार फोडायला कुऱ्हाड उचलतो आहे. आता समोर जहाजावरचा स्वयंपाकी साखळदंडात बांधलेला होता! मधली पन्नासेक पानं गेली कुठे? शिवाय अक्षरं अंगठ्याएवढी. सबंध पानावर शब्द मावले होते मोजून सात-आठ. कसंबसं मागे जात त्यांनी आपली कुऱ्हाड शोधून काढली, पण स्वयंपाकी बांधला जाणार हे आधीच कळल्यामुळे दार फोडण्यातली सगळी गंमत गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. यंत्र रोज त्यांच्या पुढे जात होतं आणि रोज अक्षरं फुगवून ठेवत होतं.

आता अशा वेळी माणूस सल्ला मागतो आणि तिथेच चुकतो. इमारतीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहत. जगातल्या कुठल्याही वस्तूच्या आत काय असतं हे त्यांना ती वस्तू न उघडता कळे. त्यांनी यंत्र कानाशी धरून हलवलं.

“दमटपणा,” ते म्हणाले. “ओल गेली की पानं सैल होतात. मग घसरतात.”

“पण यात पानं नसतातच.”

“नसतात म्हणूनच घसरतात. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा. दोन दिवस.”

कार्यालयातल्या सहकाऱ्याचं मत वेगळं होतं. “हल्ली यंत्रांना अक्कल आलीये,” तो म्हणाला. “तुम्ही दिवसभर इथे. त्याला तिकडे राहवत नसेल. वाचत असेल बिचारं.”

ग्रंथराज हसले खरे, पण त्या दिवशी जिना चढताना ते तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे वळले. न जाणो, दोष डोळ्यांतच असला तर? हे डॉक्टर म्हणजे सदा हसतमुख माणूस. ताप एकशे चार असला तरी ते थर्मामीटरकडे बघून असे हसत की पेशंटला आपण पहिला नंबर काढल्यासारखं वाटे. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या गाण्याच्या बाई तिथे बसल्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेल्या या बाईंना खोकला झाला होता आणि गाण्याच्या क्लासला सुट्टी पडली होती. डॉक्टरांनी त्यांना लालसर औषधाची बाटली दिली आणि मग ग्रंथराजांच्या डोळ्यांत विजेरी धरली.

“अक्षरं मोठी होत जातात म्हणता? सहसा लहान होत जातात हो. तुमची तब्येत उलट्या दिशेने सुधारतेय.” आणि हसले.

शेवटी यंत्र तांदळात गेलं. स्वयंपाकघरातल्या मोठ्या डब्यात, पार तळाशी, वर झाकण घट्ट. संध्याकाळी ग्रंथराजांनी कोपरापर्यंत हात घालून ते बाहेर काढलं. स्वयंपाक्याचे साखळदंड सुटले होते, जहाज एका अनोळखी बंदराला लागलं होतं आणि अक्षरं पूर्वीपेक्षा मोठी झाली होती.

“तांदळात बसून वाचलं याने!” ते ओरडले.

“तांदूळ निवडले असते तर उपयोग तरी झाला असता,” बायको वह्या तपासता तपासता म्हणाली.

मग निघाले ते दुरुस्ती केंद्रात. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, नंबराचा कागद घेऊन, प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताटकळून ते एकदाचे काउंटरवर पोचले. काउंटरवरच्या मुलीने खरेदीची पावती मागितली. पावती मुलीकडे होती, म्हणजे यांच्या मुलीकडे.

“मग ज्यांनी घेतलं त्यांनीच यावं लागेल, सर.”

“ती परगावी असते. बिघडलंय ते इथे.”

“बिघाड काय आहे?”

ग्रंथराजांनी आवाज खाली घेतला. “मी नसताना हे वाचतं.”

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग यंत्राकडे पाहिलं. “पावती राहू दे,” ती मऊपणाने म्हणाली. “दाखवा इकडे. कुठलं पुस्तक वाचताना होतं असं?”

“तत्त्वज्ञानाचं आहे. तुम्हाला नाही कळायचं.”

तोवर तिने यंत्र सुरू केलं होतं. तिचे डोळे चमकले. “अय्या, ‘बंद केबिनमधला कप्तान’! मी दोनदा वाचलंय, सर! कुठपर्यंत आलात? तो दिवा विझवणारा माणूस कोण असतो माहितीये?”

ग्रंथराजांनी दोन्ही कानांत बोटं घातली. मागच्या रांगेतल्या दहा-बारा माणसांनी एका भारदस्त गृहस्थाला कानांत बोटं घालून “नको! नको! सांगू नका!” असं ओरडताना पाहिलं, आणि त्यात नेमका त्यांच्याच कार्यालयातला शिपाई असावा असं त्यांना वाटलं. नव्हता. पण त्या शंकेनेच त्यांना घाम फुटला. मुलीने सगळं तपासून निकाल दिला, “यंत्र एकदम ठणठणीत आहे, सर. घरात दुसरं कुणीतरी वाचत असणार.”

“आमच्या घरात,” ग्रंथराज ताठ होत म्हणाले, “वाचणारा मी एकटाच आहे.”

या वाक्याचा अभिमान बाळगत ते घरी आले आणि दाराची किल्ली फिरवता फिरवता थबकले. आत बाल्कनीत सासूबाई आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणाऱ्या सासूबाईंचा आवाज चांगलाच चढला होता.

“अगं, तो डॉक्टर! हसतो असा की वाटावं, आत्ताच मध चाटून आलाय. आणि त्या विधवेला रोज औषध देतो. औषध कसलं, विष आहे ते! थेंब थेंब घालतोय. तिला बिचारीला काही पत्ता नाही, घेते आपली विश्वासाने... हो, हो, माझी खात्री आहे. मी डोळ्यांनी बघितलं ना!”

ग्रंथराज मनातल्या मनात जुळवू लागले. हसणारा डॉक्टर. विधवा बाई. लालसर बाटली. ती तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती! सासूबाईंना सरळ विचारावं, तर चहाच्या पलीकडचा प्रश्न विचारायची दोघांत पद्धत नव्हती. ते बाल्कनीत गेले. “चहा झाला का, आई?” त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. “झाला,” सासूबाई फोन ठेवत म्हणाल्या, आणि कधी नव्हे ती त्यांनी नजर चुकवली. संशय पक्का झाला.

त्यांनी फक्त बायकोला सांगितलं. बायकोने फक्त सेक्रेटरींच्या बायकोला सांगितलं, तेही कुणाला सांगायचं नाही असं बजावून. सेक्रेटरींच्या बायकोने बजावलेलं सगळं पुढे नेलं आणि दोन दिवसांत डॉक्टरांचा दवाखाना ओस पडला. ज्यांना सर्दी होती त्यांची पळाली. ज्यांना गुडघेदुखी होती ते दवाखान्यासमोरून धावत जाऊ लागले. गाण्याच्या बाईंनी बाटली मोरीत ओतली आणि रात्रंदिवस खोकत बसल्या. डॉक्टर मात्र दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. लोक आणखी बिचकले.

हे डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा ते पहिल्यांदा हसायचे थांबले. “रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलवा,” त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं. “ज्याने हे उठवलंय त्याने माझ्या तोंडावर बोलावं. नाहीतर मी दवाखाना बंद करून जातो.”

रविवार उजाडला. सभेला अवकाश होता. मन थाऱ्यावर नाही म्हणून ग्रंथराज यंत्र घेऊन बसले, मुद्दाम मागे जाऊन आपल्या जागेपासून शिस्तीत वाचू लागले. जहाजावरचा डॉक्टर आता कथेत आला. पाचव्या केबिनमधल्या आजारी विधवेसाठी तो चांदीच्या ट्रेमध्ये औषध घेऊन निघाला. ग्रंथराज सरसावून बसले. आणि पुढची ओळ होती: ‘डॉक्टर हसला. वाटावं, आत्ताच मध चाटून आला आहे.’

ग्रंथराजांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून वाचली. मग ते ताडकन उठले आणि बाल्कनीत गेले.

सासूबाई वर्तमानपत्र धरून बसल्या होत्या. ते उलटं होतं.

“आई,” ग्रंथराज म्हणाले, “तो डॉक्टर कुठला?”

वर्तमानपत्रामागून बारीक आवाज आला, “जहाजावरचा.”

“आणि विधवा?”

“पाचव्या केबिनमधली.” वर्तमानपत्र खाली आलं. सासूबाईंचा चेहरा चोरी पकडलेल्या मुलीसारखा झाला होता. “चुकलंच माझं, जावईबापू. तुमच्या वस्तूला हात लावायला नको होता. धूळ पुसायला घेतली आणि बोट लागून अक्षरं मोठी झाली. एवढी मोठी! मला दिसली हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा छापलेलं दिसलं.”

“म्हणजे? रोज पेपर वाचता ना तुम्ही?”

“वाचते कुठली? नुसता धरते. नाहीतर तुम्ही सगळे म्हणाल, आईला दिसत नाही, हिच्यावर लक्ष ठेवा. म्हणून धरते.”

ग्रंथराज खुर्चीच्या कडेला टेकले. मांडीवर ग्रंथ उघडून बसमध्ये पेंगणारा माणूस त्यांना डोळ्यांसमोर दिसला. आपल्याच घरात आपल्या पंथाचं आणखी एक माणूस इतकी वर्षं राहत होतं, आणि आपण त्याला चहा विचारत होतो!

“तांदळातून कसं काढलंत?” त्यांनी विचारलं.

“हाताने,” सासूबाई म्हणाल्या. “पण तो कुऱ्हाडीचा प्रसंग वाचलात का? मी तर पुढचं वाचल्याशिवाय जेवलेच नाही त्या दिवशी!”

“मीसुद्धा! आणि तो दिव्याचा...”

“अहो!” दारातून बायको ओरडली. “खाली सगळे जमलेत. डॉक्टर सामान बांधायला निघालेत!”

पार्किंगमध्ये गाड्या बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला तोंडाला रुमाल लावून गाण्याच्या बाई, मध्ये सगळी इमारत. सेक्रेटरींनी घसा साफ करून प्रश्न टाकला, “ही बातमी आली कुठून?”

सगळ्या माना हळूहळू वळत गेल्या. सेक्रेटरींच्या बायकोकडून गणिताच्या बाईंकडे, तिथून ग्रंथराजांकडे, तिथून त्यांच्या मागे कठड्याला धरून उभ्या असलेल्या सासूबाईंकडे. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर ज्ञान प्रकटलं.

“असं होय!” ते सहानुभूतीने म्हणाले. “वय झालंय त्यांचं. या वयात होतात भास. नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं. काय ग्रंथराज, असंच ना? मग मिटलं. डॉक्टर, मनावर घेऊ नका, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं.”

खरोखरच मिटलं होतं. ग्रंथराजांनी फक्त मान हलवायची होती. त्यांची विद्वत्ता शाबूत राहिली असती, तत्त्वज्ञानाचा ग्रंथ पिशवीत आणि बसचं तिकीट जागच्या जागी राहिलं असतं. डॉक्टरसुद्धा पुन्हा हसायच्या बेतात होते. ग्रंथराजांनी मागे वळून पाहिलं. सासूबाईंनी मान खाली घातली होती आणि बायका पदर सारखा करतात तशी मुद्रा सारखी करायचा प्रयत्न चालवला होता.

“आमच्या सासूबाईंना,” ग्रंथराज म्हणाले, आणि आपला आवाज इतका मोठा आहे हे त्यांना तेव्हाच कळलं, “भासबीस काही होत नाहीत. त्यांनी जे बघितलं ते छापलेलं आहे. मी खुनाची कादंबरी वाचतोय. आयुष्यभर मला तीच आवडत आलीये. तत्त्वज्ञानाचं मी एक प्रकरणसुद्धा पुरं केलेलं नाही. ती कादंबरी आई माझ्यापेक्षा भरभर वाचतात. त्यात एक डॉक्टर आहे, एक विधवा आहे. आईंनी ती गोष्ट मावशींना सांगितली, ती मी अर्धवट ऐकली आणि गाढवासारखी पसरवली. डॉक्टर, दोष माझा आहे. तुमची मी हात जोडून माफी मागतो.”

ग्रंथराजांना वाटलं, आता हशा पिकणार, उद्या कार्यालयात कळणार, नावाचं पार मातेरं होणार. डॉक्टर उठून जवळ आले. त्यांचा चेहरा गंभीर होता.

“त्या पुस्तकात,” त्यांनी विचारलं, “डॉक्टर विष देतो?”

“थेंब थेंब,” सासूबाई मागून म्हणाल्या.

“शक्य नाही,” डॉक्टर म्हणाले. “डॉक्टर असं करणार नाही. लिहिणाऱ्याला काही कळत नाही. त्याला काहीतरी कारण असेल.”

“आणि त्या बाईचं पुढे काय होतं?” गाण्याच्या बाई खोकल्याची उबळ आवरत म्हणाल्या. “मरते का?”

“पण मुळात हा कप्तान कोण?” सेक्रेटरींनी विचारलं. “आतून कुलूप म्हणता, मग बिजागऱ्या तपासल्या का कुणी?”

“ते मी सांगणार नाही,” सासूबाई म्हणाल्या. त्या कठडा सोडून सरळ उभ्या राहिल्या होत्या. “वाचायचं असेल त्याने वर यावं.”

आणि खरंच, सगळे नाही, पण पाचसहा जण त्यांच्यामागोमाग जिना चढले. ग्रंथराजांच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. सासूबाई मधोमध बसल्या, अक्षरं त्यांनी आपल्या मापाची करून घेतली आणि खणखणीत आवाजात पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्यांना इतका मोठा आवाज आहे हे त्यांच्या मुलीलाही ठाऊक नव्हतं. पानावर शब्द जेमतेम सात-आठ, त्यामुळे पान उलटायचं काम ग्रंथराजांकडे आलं. सासूबाई नुसतं “जावईबापू” म्हणायच्या की ते बोट टेकवायचे. ऑफिसातल्या कुठल्या बढतीच्या वेळी त्यांची छाती इतकी धडधडली नव्हती.

दर रविवारी बैठक भरू लागली, मग एक दिवसाआडही भरू लागली. सेक्रेटरींनी जहाजाचा नकाशा काढून आणला आणि खुनी कुठून पळाला हे तीनदा चुकीचं सिद्ध केलं. बायकोने कुणाकुणाला किती वेळ मिळाला असेल याचं गणित मांडलं आणि दुधाकडे तिचंही लक्ष राहीना. डॉक्टर मात्र हट्टाने एका बाजूला होते. जहाजावरच्या डॉक्टरविरुद्ध पुरावा आला की ते “थांबा, थांबा, निकाल लावू नका” म्हणत उठून उभे राहत. गाण्याच्या बाई त्यांच्यापासून सगळ्यात लांबची खुर्ची धरून बसत आणि खोकत खोकत म्हणत, “विषच आहे ते. मला सुरुवातीपासून वास येतोय.”

शेवटचं प्रकरण उरलं तेव्हा ग्रंथराजांच्या लक्षात आलं, त्यांच्या पुढे जाणारं यंत्र आता रोज जिथे ठेवलं तिथेच थांबलेलं असतं. “आई, तुम्ही पुढचं वाचलं नाहीत?” त्यांनी विचारलं.

“एकटीने वाचून कुणाला सांगू?” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही ऑफिसातून लवकर या.”

ग्रंथराजांनी विभागप्रमुख बाईंकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण विचारल्यावर त्यांनी छाती पुढे काढून खरं ते सांगितलं, “खुनी कोण ते आज कळणार आहे.” बाईंनी सही करण्याआधी पुस्तकाचं नाव लिहून घेतलं.

त्या दुपारी सगळे वेळेआधीच येऊन बसले होते. पानं उलटत गेली. केबिनच्या कुलपाचं कोडं सुटलं. दिवा कुणी विझवला ते कळलं. आणि मग, अगदी शेवटी, चांदीचा ट्रे आला. विधवेला विष डॉक्टर देत नव्हताच! तिला विष देत होता कप्तान, प्रवासाच्या पहिल्या दिवसापासून. डॉक्टर थेंब थेंब देत होता तो त्या विषावरचा उतारा. तो हसत होता तो एवढ्यासाठी की तिने घाबरू नये.

“म्हटलं नव्हतं!” डॉक्टरांनी अशी उडी मारली की स्टूल कलंडलं. “म्हटलं नव्हतं मी!” त्यांनी सेक्रेटरींचा हात धरून हलवला, ग्रंथराजांना मिठी मारली, सासूबाईंना वाकून नमस्कार केला. ग्रंथराज स्वतः टाळ्या वाजवत होते. सासूबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या आणि “मीच त्याच्यावर संशय घेतला हो, मीच” असं म्हणत होत्या.

या गोंधळात सगळ्यात लांबच्या खुर्चीवरून गाण्याच्या बाई उठल्या. सगळी खोली ओलांडून त्या डॉक्टरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“डॉक्टर,” त्या घसा खाकरत म्हणाल्या, “ती लाल बाटली आणखी एक आहे का हो?”